घामाचे पैसे अडले, दाद कुठे मागायची?

२०१८ सालच्या गणपतीतली गोष्ट. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या एका वाडीत मी हुमणीच्या बंदोबस्ताची माहिती द्यायला गेलो होतो. सभा संपली, माणसे पांगली, तशी एक बाई आपल्या मुलाला हाताला धरून पुढे आली. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, आय.टी.आय. झालेला.

"भाऊसाहेब, उसाचं नाही विचारायचं," बाई म्हणाली. "ह्याचं चार महिन्यांचं काम फुकट गेलंय. कुणाला भेटावं?"

मुलगा एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. महिना नऊ हजार दोनशे रुपये. ऑगस्ट २०१७ पासून पगार थांबला. ठेकेदार दर महिन्याला म्हणे, "पुढच्या महिन्यात एकदम देतो." असे करता करता नोव्हेंबर संपला आणि डिसेंबरात ठेकेदार ठेका सोडून निघून गेला. फाटकावर विचारले तर उत्तर मिळाले, "तू आमचा माणूस नव्हेस."

तेव्हापासून ही मायलेकरे दारोदार फिरत होती. पोलीस ठाण्यात गेली, तर हा दिवाणी मामला आहे असे सांगून परत पाठवले. गावच्या तंटामुक्ती समितीने ठेकेदाराला निरोप धाडला, पण तो दुसऱ्या जिल्ह्याचा, कशाला येतोय! तहसील कचेरीत अर्ज घेतला, पोच दिली, आणि अर्जावर शेरा पडला की विषय कामगार खात्याचा आहे. मग एका पुढाऱ्याच्या घरी सकाळी सहापासून रांग धरून शिफारसपत्र आणले. आपल्या भागात ही सवय जुनी आहे. रस्ता असो, बदली असो, नाहीतर रोहित्र जळालेले असो, आधी पत्र! ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईने जपून ठेवले होते.

मी शेतकी पदवीधर. उसाच्या लागणीचे अंतर विचारा, सांगेन. मजुरीचा कायदा कुठे माझ्या वाचनात? पण माझा एक वर्गमित्र कामगार खात्यात होता. त्याला तिथूनच फोन लावला. सगळी हकीकत मी सांगू लागलो, तर त्याने मध्येच तोडून विचारले, "ऑगस्टचा पगार कोणत्या तारखेला व्हायचा होता?" मी म्हटले, "सात सप्टेंबरला." तो म्हणाला, "मग तो महिना मुदतीबाहेर गेला. सप्टेंबरचा सात ऑक्टोबरला जाईल. तीन आठवडे आहेत तुझ्याकडे."

शिफारसपत्राने मुदत थांबत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. तहसीलच्या पोचेनेही ती आपोआप थांबत नाही. त्या वेळी चालू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याखाली न मिळालेल्या पगाराचा दावा बारा महिन्यांच्या आत करावा लागे, आणि ते बारा महिने प्रत्येक महिन्याच्या पगाराचे वेगळे मोजले जात. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली, सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी मिळाले म्हणून फरक मागायचा असेल, तर मुदत अवघी सहा महिन्यांची. ह्या मुलाला दरही कमीच मिळत होता. पण ती सहा महिन्यांची मुदत दारे ठोठावण्यातच निघून गेली होती.

दार कोणते, हे भांडणावर ठरते

आपण चूक करतो ती इथे. पैसे अडले की आपण विचारतो, मोठा साहेब कोण? त्याऐवजी विचारले पाहिजे की माझे येणे कोणत्या जातीचे आहे. रोग बुरशीचा की किडीचा हे पाहिल्याशिवाय आपण औषध मारीत नाही, तसेच हे.

याचे एक नामांकित उदाहरण आपल्या सीमेवरच्या अथणी गावचे आहे. बेळगाव जिल्ह्यातले अथणी, तेव्हा म्हैसूर राज्यात. तिथल्या नगरपालिकेच्या कामगारांचे जादा वेळ केलेल्या कामाचे आणि साप्ताहिक सुटीला केलेल्या कामाचे पैसे राहिले होते. त्यांनी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-क (२) खाली हुबळीच्या कामगार न्यायालयात अर्ज केले. नगरपालिकेने हरकत घेतली. तुम्ही चुकीच्या दारात आलात. हे किमान वेतन कायद्याच्या अधिकाऱ्याचे काम, आणि तिथली मुदत सहा महिन्यांची! शिवाय तीन वर्षांपेक्षा जुने येणे सर्वसाधारण मुदतीच्या कायद्यानेही बुडाले, असेही तिचे म्हणणे होते. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली निकाल कामगारांच्या बाजूने लागला. न्यायालयाने पाहिले ते एवढेच की भांडण कशाबद्दल आहे. दर किती असावा याबद्दल वाद असता, तर किमान वेतनाचे दार. इथे दर दोघांनाही मान्य होता, फक्त केलेल्या कामाचे पैसे मोजून मिळायचे होते. म्हणून कामगार न्यायालयाचे दार बरोबर. आणि मुदत कायद्यातली ती तीन वर्षांची अट दिवाणी कोर्टांसाठी आहे, कामगार न्यायालयाला नाही, असेही सांगितले.

म्हणजे तेच कामगार, तेच पैसे. पण एका दारी सहा महिन्यांत हक्क बुडत होता आणि दुसऱ्या दारी तो जिवंत होता.

आता काय आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे चित्र बदलले आहे. त्या दिवसापासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९३६ चा वेतन प्रदान, १९४८ चा किमान वेतन, १९६५ चा बोनस आणि १९७६ चा समान वेतन असे चारही जुने कायदे तिच्यात सामावले. कमी मिळालेली मजुरी, न मिळालेली मजुरी, बेकायदा कपात आणि बोनस, या सगळ्यांचा दावा आता कलम ४५ खाली एकाच अधिकाऱ्यापुढे. हा अधिकारी सरकारने नेमलेला, राजपत्रित दर्जाचा असतो. मुदत तीन वर्षांची झाली आहे. पगार चोवीस हजारांपेक्षा जास्त असला की १९३६ च्या कायद्याचे दार बंद होत असे, तीही अट गेली.

हा अधिकारी मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. दहापट मिळेलच असे नव्हे, 'पर्यंत' हा शब्द नीट वाचावा. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न त्याने करावा, असे कायदा म्हणतो. आणि मालकाने निकाल मानला नाही, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आता मालकावर आहे. अर्ज कामगाराने स्वतः करता येतो, तो ज्या नोंदलेल्या युनियनचा सभासद असेल तिला करता येतो, किंवा कामगार खात्याच्या निरीक्षकालाही करता येतो. जे पैसे या वाटेने मागता येतात, त्यांच्यासाठी दिवाणी कोर्टात दावा चालत नाही. तेव्हा कोणी "आपण कोर्टात दावाच ठोकू" म्हणून फी मागू लागला, तर आधी हे विचारावे.

मग कामगार न्यायालयाचे काय झाले? औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही त्याच दिवशी लागू झाली. तिच्यात कामगार न्यायालयाच्या जागी औद्योगिक न्यायाधिकरण आहे. साखर कारखान्यात वेतनवाढीचा करार झाला आणि फरकाची रक्कम दिली नाही, अशा करारावरच्या येण्याची वाट तिच्या कलम ५९ मधून जाते. इथे मात्र सावध राहा. या वाटेची मुदत एका वर्षाची आहे, तीन वर्षांची नव्हे. जुनी कचेरी आणि नवी कचेरी यांची खांदेपालट होताना अर्ज नेमका कोणत्या टेबलावर ठेवायचा, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या थकबाकीला जुनी मुदत की नवी, यावर समोरचा वकील वाद घालू शकतो. म्हणून येणे जुने असेल तर 'तीन वर्षे आहेत' म्हणून बसून राहू नका.

नदी ओलांडली की जिल्हा बदलतो

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यात; म्हणून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, भिगवणला किंवा इथल्या एखाद्या साखर कारखान्यात काम केले असेल, तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयाची वाट धरायची. पण आपली मुले काय फक्त आपल्याच जिल्ह्यात काम करतात? नीरेच्या पलीकडे फलटण म्हणजे सातारा जिल्हा. खाली माळशिरस, अकलूज म्हणजे सोलापूर. भीमेपलीकडे कर्जत म्हणजे अहिल्यानगर. घर कुठे आहे किंवा ठेकेदार कुठला आहे यावर ठरत नाही, काम कुठे केले यावर पाहावे. वसुलीचा दाखलासुद्धा आस्थापना ज्या जिल्ह्यात असते त्याच जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. निमगाव केतकीचा मुलगा फलटणला कामाला असेल, तर त्याने पुण्याची एस.टी. धरून दिवस घालवू नये.

याहून मोठी फसगत राज्य आणि केंद्र यांच्यात होते. दौंड-बारामती लोहमार्गावर ठेकेदाराकडे काम केले, किंवा पालखी महामार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ठेकेदाराकडे डांबर-खडी टाकली, तर तो विषय राज्याच्या कामगार खात्याचा नसून केंद्राच्या कामगार यंत्रणेचा आहे. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारातला ठेक्यावरचा रखवालदारही तिकडचाच. त्याच रस्त्याला येऊन मिळणारा जिल्हा परिषदेचा रस्ता मात्र राज्याकडे. शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन भावांनी दोन वेगळ्या कचेऱ्यांत जायचे, असाही प्रसंग येऊ शकतो.

सहकाराच्या मुलखात आणखी एक घोटाळा होतो. कारखाना सहकारी, दूध संघ सहकारी, पतसंस्था सहकारी. म्हणून लोक पगाराची तक्रार घेऊन सहायक निबंधकाकडे नाहीतर साखर आयुक्तांकडे जातात. ऊसबिल ही साखर आयुक्तांची बाब आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल नाही दिले, तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, आणि वसुलीचा आदेश तिथून निघतो. पण त्याच कारखान्यात गव्हाणीवर उभ्या असलेल्या तुमच्या मुलाचा पगार ही कामगार खात्याची बाब. एकाच घरात बापाने एका आयुक्ताकडे जायचे आणि मुलाने दुसऱ्या! फंडाची रक्कम भरली नसेल तर ती भविष्य निर्वाह निधी कार्यालयात, आणि निवृत्तीनंतरच्या ग्रॅच्युइटीसाठी तिचा अधिकारी वेगळा. रोजगार हमीच्या मजुरीचा मार्ग ग्रामपंचायत, पंचायत समिती व तहसील असाच आहे. त्या योजनेसाठी केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा केला असल्याने नियम ताजे विचारून घ्यावेत.

कोयत्याचा हिशेब

ऊसतोडीचे प्रकरण या सर्वांत अवघड. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या, पाथर्डीकडच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल मुकादमाने दिलेली, मुकादमाला वाहतूकदाराने, वाहतूकदाराचा करार कारखान्याशी. हंगाम सरला की हिशेब. टन किती पडले, उचल किती फिटली, खाडे किती, हे सगळे मुकादमाच्या वहीत. बाईच्या हाताने जेवढी मोळी बांधली जाते तेवढी तिच्या नावावर कुठेच लिहिलेली नसते.

अशा मजुराचे पैसे राहिले तर मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा संबंध वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. वेतन संहितेच्या कलम ४३ मध्ये तरतूद आहे की ज्याने पैसे द्यायचे त्याने दिले नाहीत, तर त्या आस्थापनेचा धनी जबाबदार. ती तोडीच्या फडाला कितपत लावायची यावर कारखाने वाद घालणारच. माझे मत असे की मजुराने आपल्या अर्जात एकालाच धरू नये. मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना या तिघांनाही सामील करावे. कोणाला सोडायचे ते अधिकारी पाहील. आपण आधीच सोडून दिले, तर पुढे पकडायला कोणी उरत नाही.

आणि उचल फिटली नाही म्हणून कोणी मजुराला गावी जाऊ देत नसेल, मुलाला नाहीतर बैलजोडीला अडकवून ठेवत असेल, तर ते मजुरीचे भांडण राहत नाही. ती १९७६ च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी आहे. तिथे कामगार कचेरीची वाट पाहू नये, सरळ प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असेही म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीसुद्धा वेठच आहे.

हे लिहिताना मला आपल्याच अंगणाकडेही पाहावेसे वाटते. पाडव्याला आपण सालगड्याचे साल ठरवतो, वर्षभर थोडे थोडे देतो, आणि हिशेब आपल्याच वहीत असतो. खुरपणीच्या बायांचे पैसे "बाजाराच्या दिवशी देऊ" म्हणून दोन-दोन आठवडे राहतात. शेतमजुरीलाही किमान वेतन आहे आणि कलम ४५ चे दार तिलाही उघडे आहे. रोजाची मजुरी त्याच दिवशी काम सुटताना, आठवड्याची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याची पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, असा कायदा आहे. सालगड्याला त्याची स्वतःची वही करून द्यावी आणि दर वेळी दोघांनी सही करावी. माझ्या वडिलांनी ती कधी केली नाही. आणि दोन सालगडी आमच्याकडून नाराज होऊन गेले, त्यांत चूक कोणाची होती हे आज सांगता येत नाही.

कागद कोणते

त्या मुलाकडे नेमणुकीचे पत्र नव्हते. ठेकेदार देतोय कशाला! पण त्याच्याकडे फाटकाचा पास होता, बँकेच्या पासबुकात आधीचे दोन पगार जमा झालेले होते, ठेकेदाराने मोबाईलवर पाठवलेले "पुढच्या महिन्यात देतो" हे चार-पाच निरोप होते. आणि सर्वांत मोलाचे निघाले ते घरातले कालनिर्णय. त्याच्या आईने दूध न आलेल्या दिवसांवर जशी फुली मारायची तशी मुलगा रात्रपाळीला गेला त्या तारखांना गोल केला होता, डबा करायचा लक्षात राहावे म्हणून. ते कालनिर्णय आम्ही भिंतीवरून काढून अर्जासोबत नेले.

अर्ज साधा असावा. काम कोठे केले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दर काय, दर महिन्याचे किती येणे, ठेकेदाराचे नाव, आणि ज्याच्या जागेत काम केले त्या कारखान्याचेही नाव. खालच्या आवाराची पोच घेतल्याशिवाय निघू नये. वकील करावाच लागतो असे नाही. हवा असेल, तर बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसे आणि औद्योगिक कामगार यांना तिथे फुकट वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. या समितीची पायरी फार थोडे लोक चढतात.

आम्ही २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस पुण्याला अर्ज दिला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे तीन महिने मुदतीत बसले. ऑगस्टसाठी उशीर माफ करावा असा वेगळा अर्ज जोडला. तहसीलची ती पोच इथे उपयोगी पडली, मुलगा गप्प बसला नव्हता हे तिच्यावरून दिसले. ठेकेदार एकाही तारखेला आला नाही. कारखान्याचा माणूस मात्र तिसऱ्या तारखेपासून येऊ लागला, कारण अर्जात त्यांचे नाव होते. २०१९ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली. चारही महिन्यांचे छत्तीस हजार आठशे रुपये कारखान्याने दिले. भरपाई मुलाने सोडली. किमान वेतनातला फरक तर मागताच आला नाही.

पैसे घेऊन मायलेक परत आली तेव्हा बाईने मला विचारले, "भाऊसाहेब, ते कालनिर्णय परत मिळंल का? त्यात पोरीच्या सोयरिकीची तारीख लिवलेली हाय." ते फायलीत राहिले होते. मी पुन्हा जाऊन त्या पानाची नक्कल काढून आणली.